गळाला लावलेलं अत्तर

लहानपणी अब्बांबरोबर मी पवनारजवळ धाम नदीवर गळ टाकायला जात असे. एकदा ईदसाठी जपून ठेवलेल्या हिन्याच्या अत्तराचे चार थेंब मी गुपचूप कणकेच्या गोळीत मळले. दिवसभर एकही मासा लागला नाही. रिकामी कुपी पाहून अब्बा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘बेटा, वास तुला आवडून काय उपयोग?’’

आमिषाच्या वासाचा उपयोग होतो, श्रोतेहो. पण माशाला कळतो तो पाण्यात विरघळणारा वास. अत्तराचं तेल वरच तरंगतं. रोहू शेंगदाण्याच्या ढेपेकडे वळतो. मांगुराला तर मिशांनीही चव कळते. गांडुळाचा रस पाण्यात उतरला की गढूळ पाण्यातही तो आमिष शोधतो. मरळ मात्र मुख्यतः नजरेनं शिकार करते. तिला हलणारी बेडकी दिसावी लागते.

अब्बा आता नाहीत. बाजारात सुगंधी आमिषाच्या बाटल्या मिळतात. मी घेत नाही. पण कविता वाचायला उभा राहिलो की ती कुपी आठवते. मनात येतं, यातलं काही समोरच्यापर्यंत विरघळत जाईल, की नुसतं वर तरंगेल?