पोयाच्या घरातले विरजण



आजच्या व्याख्यानाचा आरंभ आम्ही एका कबुलीने करणार आहोत. कोकणातल्या आमच्या आजोळच्या घराच्या भिंती मातीच्या व चांगल्या हातभर जाड होत्या. मागच्या पडवीच्या भिंतीतून करंगळीएवढी एक काळपट, चिकट नळी बाहेर आलेली असे आणि तिच्या तोंडाशी मुंगीएवढ्या काळ्या माश्यांची सारखी ये-जा चाले. त्या डंख मारीत नसत. फार चिडल्या तर केसांत शिरून बेजार करीत, एवढेच. त्यांना कोणी पोया म्हणत, कोणी कोती. एका मे महिन्यात आम्ही भावंडांनी पहार घेऊन ती भिंत उकरली. आत मेणाची लहान लहान मडकी एकमेकांना चिकटून बसलेली होती. फोडून चाखली, तो मध पातळ आणि आंबट! “नासलाय,” असा थोरल्याने निकाल दिला. मग घरच्यांची बोलणी बसू नयेत म्हणून आम्ही ती पोकळी फिनेल ओतून स्वच्छ केली. त्या भिंतीत पुन्हा कधी माशी आली नाही.

घर मोडले ही आमची एक चूक. परंतु आंबट म्हणजे नासके आणि जंतू म्हणजे घाण, हा जो समज त्या दिवशी आमच्या मनात पक्का होता, तो आम्हांला आज अधिक मोठी चूक वाटतो. ती कशी, हे सांगण्यासाठीच आजचा विषय आम्ही निवडला.

डंख नसलेल्या मधमाश्यांच्या पाचशेहून अधिक जाती आज शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत. त्या सर्व उष्ण प्रदेशांत राहतात. त्यांची सर्वांत मोठी वस्ती मध्य व दक्षिण अमेरिकेत. पण आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलिया या खंडांतही त्या आहेत. आपल्याकडची पोयाची माशी जेमतेम चार मिलिमीटर लांबीची. झाडाची ढोली, भिंतीतली फट, अशा आडोशाला ती राहते. झाडांची राळ गोळा करून ती आपल्या अंगच्या मेणात मिसळते आणि त्याच मिश्रणाने दाराची नळी, मधाची मडकी, परागाची मडकी आणि पिलांच्या कोठड्या बांधते.

या कोठड्यांकडे जरा बारकाईने पाहू. आपली सातेरी माशी अळीला आईसारखी वरचेवर भरवते. पोयाची रीत निराळी आहे. कामकरी माश्या कोठडीत मध, पराग आणि आपल्या ग्रंथींतला रस यांची एक पातळ खीर भरतात. राणी त्या खिरीवर एक अंडे घालते आणि लगोलग कोठडीचे तोंड लिंपून टाकले जाते. अंड्याची अळी, अळीचा कोश, कोशाची माशी, हा सारा प्रवास त्या बंद कोठडीत होतो. त्याला महिना-दीड महिना लागतो. तोवर आत कोणी डोकावत नाही. अळीला जन्मभराची शिदोरी एकदाच मिळते.

आता गृहिणींनी आम्हांला एका प्रश्नाचे उत्तर द्यावे. वैशाखात दुधाचे पातेले सकाळी झाकून ओट्यावर ठेवले आणि विसरले, तर संध्याकाळी काय दिसते? मग पोयाच्या दमट घरात, उबेत, ती पातळ खीर दिवसेंदिवस टिकते कशी? मधाचेही तेच. सातेरीच्या पक्व मधात पाणी शेकडा वीसच्या आसपास असते. डंखहीन माश्यांच्या मधात ते शेकडा पंचवीस ते पस्तीसपर्यंतही आढळते. इतक्या पातळ मधाने खरे म्हणजे फसफसून नासून जायला हवे.

उत्तर आपल्या शिंकाळ्यातच आहे. दूध नुसते ठेवले तर नासते. विरजण लावले तर त्याचे दही होते. दोन्ही कामे जंतूंचीच! फरक एवढाच, की विरजण लावताना कोणत्या जंतूंना घरात घ्यायचे ते आपण ठरवतो. राळेत जंतुनाशक गुण असतात, त्यांचाही या टिकण्याला हातभार लागतो. परंतु पोयाच्या घरात विरजण आहे, हे शास्त्रज्ञांच्या ध्यानात हळूहळू आले.

पनामातल्या मेलिपोना जातीच्या एका माशीच्या घरातील मध, पराग आणि पिलांची खीर यांची तपासणी 1990 साली प्रसिद्ध झाली. मार्था गिलियम व डेव्हिड रुबिक हे त्या संशोधनातले प्रमुख. त्यांना तेथे बॅसिलस वंशाचे जीवाणू आढळले. ते निरनिराळी पाचकद्रव्ये तयार करणारे होते. अन्न पचायला सोपे करावे व ते टिकवावे, अशी त्यांची कामगिरी असावी असा तर्क त्यांनी मांडला. ऑस्ट्रेलियातील डंखहीन माश्यांच्या अंगी लॅक्टोबॅसिलसचे स्वतंत्र कूळ असल्याचे 2014 साली दाखवले गेले. लॅक्टोबॅसिलस म्हणजे दह्यातल्या जंतूंचे भाऊबंद! आमच्या थोरल्याने जिला नासणे म्हटले ती आंबट चव अशा आम्लांचीच असते.

ब्राझीलमध्ये उरुसू नावाची एक मोठी डंखहीन माशी पाळतात. तिच्या पिलांच्या खिरीतून पेनिबॅसिलस पॉलिमिक्सा हा जीवाणू वेगळा काढण्यात आला. किड्यांना मारणारी एक बुरशी आणि मधमाश्यांच्या अळ्यांना सडवणारा एक जीवाणू, या दोघांनाही आवरणारी द्रव्ये तो तयार करतो, असे 2018 साली सिद्ध झाले. म्हणजे हा घरातला आचारीही असेल आणि पहारेकरीही!

“पण हे जंतू नसले तर बिघडेल काय?” असा प्रश्न येथे चिकित्सक श्रोता विचारील, आणि त्याने तो विचारलाच पाहिजे. ब्राझीलच्याच मशादो या संशोधकाने 1971 साली मेलिपोनाच्या वसाहतींना स्ट्रेप्टोमायसिन देऊन त्यांच्यातील बॅसिलस नष्ट केला, वसाहतीही मेल्या. औषधानेच माश्या मेल्या नसतील कशावरून, ही शंका तेथे उरते आणि ती रास्त आहे. परंतु 2015 साली ब्राझीलमध्येच एक अधिक नेटका प्रयोग झाला. तो जीवाणूंवर नव्हता. कोठडीत वाढणाऱ्या एका बुरशीवर होता. ती बुरशी खायला मिळालेल्या अळ्यांपैकी शेकडा 76 जगल्या. न मिळालेल्यांपैकी अवघ्या 8. पुढे 2018 साली कारणही कळले: अळीचा कोश होण्यासाठी लागणारे एक स्निग्ध द्रव्य तिला या बुरशीकडूनच मिळते. खिरीतले जिवंत सोबती काढून घेतले तर पिलू जगत नाही, एवढे निदान त्या एका जातीपुरते निर्विवाद ठरले.

हे विरजण एका घरातून दुसऱ्या घरात कसे जाते? पोयाचे नवे घर मांडताना माश्या एकदम उठून जात नाहीत. आधी जागा हेरतात, मग जुन्या घरातून मेण, राळ आणि मध नव्या घरी वाहून नेतात. ही ने-आण आठवडेच्या आठवडे चालते. लेक सासरी निघाली की आई तिच्यासोबत लोणच्याची बरणी देते, तसेच हे. बरणीबरोबर जंतूंचे बियाणेही सासरी पोचत असले पाहिजे. माश्यांच्या आतड्यातले काही जीवाणू तर फारच जुने सोयरे आहेत. मधमाश्या, भुंग्यासारख्या बंबल माश्या आणि डंखहीन माश्या यांच्या समाईक पूर्वजापासून, सुमारे आठ कोटी वर्षे, जीवाणूंची पाच कुळे त्यांच्याबरोबर चालत आली, असा निष्कर्ष 2017 साली निघाला.

मात्र येथे कोणी भाबडेपणाने कायमच्या मैत्रीचे चित्र रंगवू नये. त्या पाचांपैकी दोन कुळे मेलिपोना माश्यांनी पुढे गमावली आणि तरीही त्या सुखाने नांदत आहेत. मध्य व दक्षिण अमेरिकेत तर काही डंखहीन माश्या फुलांच्या परागाऐवजी मेलेल्या प्राण्यांचे मांस खातात. कोस्टा रिकात झाडांना कच्च्या कोंबडीचे तुकडे टांगून अशा माश्या गोळा केल्या गेल्या. त्यांच्या आतड्यात आम्लप्रिय जीवाणूंची गर्दी असल्याचे 2021 साली जाहीर झाले. आहार बदलला, तसे सोबतीही बदलले! ही मैत्री गरजेवर उभी आहे, आणि म्हणूनच ती बिनकामाची मानून मोडणे धोक्याचे आहे.

तो धोका किती खरा आहे, हे डंख असलेल्या मधमाशीवरून कळले. माश्यांना टेट्रासायक्लिन पाजले की त्यांच्या आतड्यातले जीवाणू घटतात आणि पोळ्यात परत सोडल्यावर अशा माश्या अधिक संख्येने मरतात, असे 2017 साली प्रसिद्ध झाले. जे औषध रोगावर द्यायचे, तेच खबरदारी म्हणून सरसकट दिले तर घरचे राखणदारच आधी जातात.

श्रोतेहो, यातून आपण काय घ्यावे? आपल्या गावातली मातीची घरे आणि जुने वाडे पाडले जात आहेत. त्यांच्या भिंतींत पोया असतात. पाडकाम काढण्यापूर्वी भिंतीतून अशी चिकट नळी आलेली दिसली, तर आधी जाणत्या माणसाला बोलवावे. केरळात अशा माश्या लाकडी पेटीत आणि मडक्यात पाळणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडेही ती विद्या शिकता येते. घर हलवायचे तर राणी, कोठड्या, मध आणि परागाची मडकी, सारे एकत्र हलवावे. जुने घाणेरडे मेण फेकून कोरी करकरीत पेटी देण्याचा मोह टाळावा. त्या मेणात विरजण आहे. मध काढायचा तर थोडी मडकी घ्यावी, थोडी ठेवावी. तो आंबट लागला तर तेवढ्यावरून फेकू नये.

स्वच्छता हा मोठा गुण आहे आणि तिची टिंगल करण्यास आम्ही येथे उभे राहिलो नाही. दवाखान्यातली सुई निर्जंतुकच हवी. परंतु दह्याचे भांडे रोज घासणारी गृहिणीसुद्धा घासण्याआधी चमचाभर दही बाजूला काढून ठेवते. त्या मे महिन्यात आमच्या हाती फिनेलची बाटली होती; तेवढी अक्कल मात्र नव्हती.

आजोळचे ते घर आता राहिलेले नाही. पण आपल्यापैकी कोणाच्या भिंतीत अशी नळी अजून असेल. आज घरी गेल्यावर कंदील घेऊन, किंवा हल्लीच्या रीतीने विजेरी घेऊन, तिच्याकडे एकवार पाहावे आणि तिला तशीच राहू द्यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.