‘गेट थ्रू’ : पलीकडे पोंचणें

श्रोतेहो, इंग्रजी शिकवितांना व्याकरणाच्या मोठमोठ्या नियमांनीं मला फारसें सतावलें नाहीं. सतावलें तें दोन लहान शब्दांच्या जोड्यांनीं. त्यांतलीच एक जोडी, ‘गेट थ्रू’, आज आपणांपुढें मांडतों.

‘थ्रू’ म्हणजे आरपार. त्याला ‘गेट’ जोडलें कीं मधला अडथळा पार करून पलीकडे पोंचणें, असा अर्थ निघतो. टेलिफोनच्या व्यवहारांत ही जोडी फार चालते. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें १८८२ सालीं टेलिफोनचीं केंद्रें उघडलीं. त्या काळीं केंद्रांतला माणूस हातानें तारा जोडून देई. त्यानें जोडून देणें तें ‘पुट थ्रू’. आपण पलीकडे पोंचणें तें ‘गेट थ्रू’. पुढें १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्यामध्यें थेट नंबर फिरविण्याची सोय झाली. मधला माणूस हळूहळू गेला, शब्द मात्र राहिले.

मराठींत आपण ‘फोन लागला’ असें म्हणतों, आणि येथेंच आमचीं मुलें घसरतात. मराठींत लागतो तो फोन; इंग्रजींत बहुधा पोंचतो तो माणूस. म्हणून ‘आय गॉट थ्रू’. ज्याच्यापर्यंत पोंचलों, त्याच्या आधीं ‘टू’ हवा : ‘आय गॉट थ्रू टू द ऑफिस’. ‘टू’ गाळून ‘आय गॉट थ्रू द एक्झामिनेशन’ म्हटलें, तर परीक्षा उत्तीर्ण झालों, असा निराळाच अर्थ होतो.

आणखी एक अर्थ मला एका विद्यार्थ्यानें शिकविला. आमच्या ताडकळसचा हा मुलगा हुशार होता. दहावीच्या वर्षीं त्यानें शाळा सोडली आणि पूर्णा जंक्शनावरून गाडी धरून तो मुंबईस गेला. जाण्यापूर्वीं तो दोनदां माझ्या घरीं आला होता. दोन्ही वेळां मीं त्याला शिक्षणाचें महत्त्व ऐकविलें. बोलूं दिलें नाहीं. पुष्कळ वर्षांनीं त्याचें इंग्रजी पत्र आलें. त्यांत एक वाक्य होतें : ‘आय ट्राइड, बट आय कुड नॉट गेट थ्रू टू यू.’ मीं उलट टपालीं लिहिलें, “वाक्य निर्दोष आहे. माझा फोन मध्यें बिघडला होता, आतां चालू आहे.”

त्या रात्रीं सहज कोश चाळला. आपलें म्हणणें दुसऱ्याच्या मनापर्यंत पोंचविणें, असाही या जोडीचा अर्थ तेथें दिला होता. पत्र पुन्हां वाचलें. तो लिहीत होता तें शाळा सोडण्याच्या वर्षाबद्दल, आणि त्या वर्षीं माझ्या घरीं फोनच नव्हता.

पत्रावर त्याचा नंबर होता. सकाळीं फोन केला. म्हटलें, “बाळ, तेव्हां तुला काय सांगावयाचें होतें, तें आज सांग.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, वडिलांनीं अंथरूण धरलें होतें. घरांत ज्वारी नव्हती. तुम्ही फी माफ करून देतों म्हणालां. पण अडचण फीची नव्हती.”

श्रोतेहो, शेजारचीं मुलें अजून माझ्याकडे इंग्रजी विचारावयास येतात. ‘गेट थ्रू’ सांगतांना मी टेलिफोनचें वाक्य आधीं देतों, त्या मुलाचें नंतर. आणि मग त्यांना काय म्हणावयाचें आहे, तें पुरतें ऐकून घेतों.