एका शब्दाची किंमत



अंगावर वळ घेऊन बाई पोलीस चौकीत जाते, तेव्हा तिला हमखास विचारतात, "रोजच मारतो का?" चौकीतला हा प्रश्न एकदा थेट कायद्यातच शिरणार होता.

२००२ साली केंद्र सरकारने कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध एक विधेयक लोकसभेत मांडले. त्यातल्या हिंसेच्या व्याख्येत एक शब्द होता : 'सवयीने'. नुसती मारहाण पुरेशी नव्हती. मारणाऱ्याला तशी सवय आहे, हे बाईने दाखवायचे होते. मी स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी तसा वागलो, असे म्हणायची वाटही नवऱ्याला ठेवली होती. आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क? तो तर विधेयकात नव्हताच.

कायद्याचे अभ्यासक, 'लॉयर्स कलेक्टिव्ह' ही संस्था आणि स्त्री-संघटना यांनी या मसुद्याची कलमे एकेक करून तपासली. 'लॉयर्स कलेक्टिव्ह'ने पर्यायी मसुदाही पुढे ठेवला. आक्षेप संसदेच्या समितीपर्यंत गेले. २००५ चा कायदा आला तेव्हा 'सवयीने' हा शब्द गेला होता, नवऱ्याची ती पळवाटही गेली होती आणि कलम १७ ने बाईला घरात राहण्याचा हक्क दिला होता.

कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी लागू झाला. दोन महिने व्हायच्या आतच बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की घर सासूच्या मालकीचे असेल तर सून तिथे हा हक्क सांगू शकत नाही. आपल्याकडे किती घरे सुनेच्या किंवा मुलाच्या नावावर असतात? हा निकाल कायद्यातल्या घराच्या व्याख्येशी जुळत नाही, असे अभ्यासक वर्षानुवर्षे लिहीत राहिले. अखेर १५ ऑक्टोबर २०२० रोजी आहुजा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बत्रा निकालातला अर्थ चुकीचा ठरवला. मधल्या चौदा वर्षांत किती जणी पिशवी घेऊन उंबऱ्याबाहेर पडल्या असतील!

म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्यांना मी सांगते, निकाल पाठ करू नका, तपासा. आणि ऐकणाऱ्या माझ्या बहिणींनो, कुणी "रोजच मारतो का?" असे विचारलेच, तर ठामपणे सांगा : एकदा मारले, तरी कायद्याने ती हिंसाच आहे.