दोनशे एक अंक आणि त्यांचे मूळ

मोठी संख्या समोर आली की मनुष्य प्रथम तिच्या लांबीनेच दिपून जातो. १९७७ साली अमेरिकेतील डॅलस येथे, सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात, बेंगळुरूच्या शकुंतला देवी (१९२९–२०१३) यांच्यापुढे २०१ अंकी संख्या ठेवून तिचे तेविसावे मूळ विचारण्यात आले. ५० सेकंदांत त्यांनी उत्तर दिले : ५४,६३,७२,८९१.

हा चमत्कार म्हणावा काय? कोणत्याही संख्येच्या तेविसाव्या घाताचा एककाचा अंक तिच्या घनाच्या एककाइतकाच असतो. म्हणून घाताच्या शेवटी १ असेल, तर मुळाच्या शेवटीही १ च असतो. आरंभीचे अंक लॉगरिथमच्या साहाय्याने काढता येतात. खरे कसब लागते ते मधल्या अंकांसाठी.

आता उत्तराकडेच पाहावे. त्यात १ ते ९ हे सर्व अंक एकेकदाच आले आहेत. त्यांची बेरीज ४५. म्हणून संख्येला ९ ने भाग जातोच. शिवाय २७ नेही जातो, ८१ ने मात्र जात नाही. अर्थात मूळच्या २०१ अंकी संख्येला ३ च्या ६९ व्या घाताने निःशेष भाग जातो, ७० व्या घाताने नाही.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले. ही संख्या हर्षद नव्हे. शेवटी १ असल्यामुळे तिला ४५ ने भाग जाणे शक्यच नाही.

वेगात यंत्राने माणसाला केव्हाच मागे टाकले आहे. तथापि संख्येचे कूळ आणि स्वभाव ओळखण्याचा आनंद कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कोणालाही आजही मिळू शकतो.