झेंडावंदन झाल्यावर



माझी लेक चौथीत होती तेव्हाची गोष्ट. १५ ऑगस्टला शाळेतून आली आणि दारातच विचारलं, "अम्मी, स्वातंत्र्यासाठी आपल्या लोकांनी काय केलं?" वर्गातल्या एका मुलाने तिला तसं विचारलं होतं.

मला राग आला. त्या रागात मी तिच्याकडून नावं पाठ करून घेतली. १९२७ मध्ये फाशी गेलेले अश्फाकउल्ला खान, 'भारत छोडो'ची घोषणा देणारे युसूफ मेहेरअली. तिने वर्गात घडाघडा सांगितलं. घरी येऊन म्हणाली, "सांगितली नावं. पण बाकीच्यांना कुणी विचारतच नाही."

माझी चूक तेव्हा कळली. मी तिला इतिहास शिकवलाच नव्हता. तिच्या हातात एक दाखला दिला होता, मागेल त्याला दाखवायला.

आम्ही सोलापूरचे. त्या रविवारी तिला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नेलं. मे १९३० मध्ये याच शहरात इंग्रजांनी मार्शल लॉ लावला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. तिने विचारलं, "यातले आपले कोण?" मी म्हणाले, "चौघेही. आणि त्या मुलाचेही चौघेही."

मग २६ जानेवारी आली. हीच तारीख का, ते तिला सांगितलं. १९३० साली याच दिवशी देशभर पूर्ण स्वराज्याची शपथ घेतली गेली. म्हणून २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली राज्यघटना १९५० मध्ये याच दिवशी लागू झाली. घरात सगळ्यांसमोर सरनामा वाचला. तो कुठल्या राजाच्या नावाने सुरू होत नाही, आपल्या नावाने सुरू होतो, हेही सांगितलं.

'समानता' शब्दाशी ती थांबली. "मग भाई सहलीला गेला, मला का नाही पाठवलं?"

दादी गप्प, अब्बू गप्प. आणि 'नको' म्हणणारी तर मीच होते! वर्गातल्या मुलाला द्यायला माझ्याकडे उत्तरं होती, लेकीला द्यायला नव्हतं. पुढच्या वर्षी ती सहलीला गेली. घरात थोडी कुरबुर झाली, ती ऐकून घेतली.

तुमच्यातले काही जण आज ना उद्या आई-बाप होतील, काहींच्या घरात धाकटी भावंडं आहेत. येत्या २६ जानेवारीला झेंडावंदन करून, जिलेबी खाऊन झाली की मुलांना घेऊन बसा. सरनामा वाचा, त्यांना प्रश्न विचारू द्या. बाहेरच्यांवरचे प्रश्न येतील, तसे आपल्या घरावरचेही येतील. ते टाळू नका. मुलं आपलं उत्तर ऐकतात आणि नंतर आपण काय करतो तेही बघतात.