रस्ता कोणाच्या पैशाचा?
(चाळीसगाव येथील सभेत केलेले भाषण)



आम्ही खेड्यातले शाळामास्तर. रस्त्यावर इंजिनियराने बोलावे, मास्तराने नव्हे, असे कोणी म्हणेल. पण शाळा आणि रस्ता ही एकाच थैलीची लेकरे आहेत. इंग्रजी अमदानीत १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड रयतेकडून घेत. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना. आणा कुणब्या-माळ्यांचा आणि खर्चाचा हुकूम कचेरीचा, अशी ती रीत होती.

पुढे मोटारी आल्या. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमली गेली. मोठे रस्ते लोकल बोर्डांना झेपणार नाहीत, असे तिने सांगितले. आणि १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घेऊन मध्यवर्ती रस्ता फंड सुरू झाला. तेव्हा पेट्रोल साहेब आणि श्रीमंत जाळीत. २००० सालच्या कायद्याने डिझेलवरचा उपकरही या फंडासाठी ठरला. डिझेल तर आमचा ट्रॅक्टर पितो, कपाशीचा टेम्पो पितो, एस. टी. पिते. ज्याच्या दारी सायकलही नाही, तोही बाजारात मीठ घेताना वाहतुकीच्या खर्चातून हा कर भरतो. म्हणून सरकारने रस्ता दिला, असे म्हणू नका. रस्ता तुम्ही दिला. सरकार मुनीम आहे. मुनिमापाशी मालकाने हिशेब मागितला, तर त्यात उद्धटपणा कसला?

आता खरी मेख ऐका. बांधण्याला पैसा निघतो, नारळ फुटतो. राखण्याच्या वेळी सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली. बांधण्याचा पैसा आरंभी दिल्लीचा, निगेचा भार राज्याचा, आणि ठेकेदाराची जबाबदारी पाच वर्षांची. सहाव्या वर्षी कोण? कुणबी दर आगोटीला छप्पर शाकारतो, कारण एक भोक राहिले तर सारे घर गळते. रस्त्याचेही तसेच. डांबराचे पाण्याशी वैर आहे. चर तुंबला की पाणी रस्त्यात मुरते. वेळेवर चार घमेली खडी टाकली तर भागते. न टाकली तर सारा रस्ता उखडावा लागतो.

आपला कन्नड घाट पाहा. धुळे-सोलापूर महामार्ग त्यातून जातो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीने तेथे दरडी कोसळल्या, वाहने अडकली. इकडे तितूर-डोंगरीचे पाणी गावात शिरले. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना घाट बंद झाला. ट्रकाला वळसा पडला, तर त्या वळशाचे डिझेल शेवटी कांदा-कपाशीच्या भावातूनच कापले जाते. बोगदा व्हावा, आमची ना नाही. पण बोगद्याची गोष्ट करणाऱ्याला चर, मोरी आणि संरक्षक भिंतीसाठी दरसाल किती ठेवले, हे आधी विचारा.

शिकलेल्या पोरांनो, रस्त्याकडेचा फलक वाचा. त्यावर लांबी, खर्च आणि निगेची रक्कम असते. फलक नसेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांत अर्ज होतो. उत्तर आले की ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, त्यांनी शाळा सुटल्यावर आमच्याकडे यावे. आम्ही लिहून देऊ. सही मात्र तुमची हवी.