केंद्रकाचा निळा रंग
(नभोवाणीवरील भाषण)

गाठीचा लहानसा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठविला जातो आणि घरची मंडळी अहवालाची वाट पाहत बसतात. माझ्या वडील बहिणीच्या आजारात आमच्या घरी असे आठ दिवस गेले. आठव्या दिवशी निरोप आला की, काचेवरील छेद नीट रंगले नाहीत, ते पुन्हा करावयाचे आहेत. मला रागच आला. परंतु तेथे काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला शेजारी बसवून म्हटले, "सर, रंग म्हणजे काय ते आधी पाहा, मग रागवा." त्या दिवशी जे पाहिले, तेच आज सांगावयाचे आहे.

शरीरातील ऊतीचा तुकडा मेणात बसवून त्याचे चारपाच मायक्रॉन जाडीचे छेद घेतात. असा छेद जवळजवळ रंगहीन असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात; पण पेशीचे केंद्रक उठून दिसत नाही. कर्करोगाची शंका असता डॉक्टरांची नजर प्रथम जाते ती केंद्रकाकडेच. ते फार मोठे आहे काय, वेडेवाकडे आहे काय, अवाजवी गडद आहे काय? हे ठरण्यासाठी केंद्रक रंगविले पाहिजे.

हा रंग हिमाटॉक्सिलिन होय. मेक्सिकोतील कँपेची या प्रदेशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडाच्या गाभ्यापासून तो मिळतो. आपल्याकडील पतंगाच्या लाकडातील तांबडे द्रव्य हे रसायनदृष्ट्या त्याचे भावंडच आहे. दोहोंच्या घटनेत एका ऑक्सिजनच्या अणूचा फरक. गंमत अशी की, मूळ हिमाटॉक्सिलिन रंगवीत नाही. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन हिमाटीन झाले पाहिजे. तेवढ्यानेही भागत नाही. कापड रंगविताना रंगारी तुरटी वापरतो, तशी येथेही तुरटीच लागते. १८६५ साली बोमर यांनी ही तुरटीची युक्ती योजिली, तेव्हा हा रंग केंद्रकावर पक्का बसू लागला. तुरटीतील अॅल्युमिनियम हिमाटीनशी संयोग पावते व तो संयोग केंद्रकातील आम्लांना चिकटतो.

मायर यांची कृती पुष्कळ ठिकाणी चालते. एक लिटर शुद्ध पाण्यात १ ग्रॅम हिमाटॉक्सिलिन व ५० ग्रॅम तुरटी मंद उष्णतेवर विरघळवावयाची, ऑक्सिडीकरणासाठी ०.२ ग्रॅम सोडियम आयोडेट घालावयाचे. मग १ ग्रॅम सायट्रिक आम्ल व ५० ग्रॅम क्लोरल हायड्रेट घालून पाच मिनिटे उकळावयाचे, निववून गाळून घ्यावयाचे. आयोडेट जास्त झाले, तर रंग वाजवीपेक्षा पुढे जाऊन तपकिरी पडतो व निकामी होतो. हॅरिस यांच्या जुन्या कृतीत या कामी पाऱ्याचे ऑक्साइड असे; ते विषारी असल्याने आता शक्यतो टाळतात.

आता वापर. छेदावरील मेण झायलीनने काढून तो उतरत्या प्रमाणाच्या अल्कोहोलमधून पाण्यात आणावयाचा व पाचदहा मिनिटे रंगात ठेवावयाचा. हॅरिस यांचा कडक रंग असेल, तर तो जादा चढवून आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये क्षणभर बुडवून उतरवितात. येथे सेकंदांचा हिशेब आहे. थोडे अधिक थांबले की केंद्रकही फिके पडते.

या वेळी केंद्रक तांबूस असते. हळदीला चुना लागताच ती जशी लाल होते, तसे आम्ल जाऊन अल्कधर्मी पाणी लागताच हे तांबूस केंद्रक निळे होते. बहुतेक ठिकाणी नळाचे पाणी या कामाला पुरते. पण पाणी मृदू व किंचित आम्लधर्मी असेल, तर निळेपणा येत नाही. माझ्या बहिणीच्या छेदांचे नेमके हेच झाले होते. नळाला त्या दिवसांत नव्या ठिकाणचे पाणी आले होते. पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालताच केंद्रके निळी झाली. त्यानंतर इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी केला.

माझ्या विद्यार्थ्याने आणखी एक खूण दाखविली. रोज सकाळी रंगाचे दोनचार थेंब नळाच्या पाण्यात टाकावेत. निळेजांभळे झाले तर रंग जिवंत. तांबडे-तपकिरी राहिले तर बाटली ओतून टाकावी. मात्र पाणीच आम्लधर्मी असेल, तर चांगला रंगही तांबडा राहील. म्हणून तो आता आधी पाणी तपासतो.

दोन दिवसांनी अहवाल आला. गाठ साधी होती. फिक्या केंद्रकांवरून घाईने मत दिले असते, तर त्या "साधी" या शब्दावर आम्ही कितपत विसंबावे? अहवालावर सही डॉक्टरांची असते. रंग गाळणाऱ्याचे नाव तेथे नसते. म्हणून श्रोतेहो, छेद पुन्हा करावयाचे आहेत असा निरोप आला, तर माझ्यासारखे रागावू नका. कोणीतरी चुकीच्या रंगावर विश्वास ठेवावयास नकार दिला आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.